वीज जाते कुठे?
(दोन महिन्यांच्या उमेदवारीतून निघालेले प्रश्न आणि त्यांची गणिते)

'बाहेर जाताना दिवे व पंखे बंद करावेत.' ही सूचना शाळेत, कचेरीत, बँकेत, प्रयोगशाळेत, सगळीकडे दिसते. सूचना चांगलीच आहे. पण ती सर्वांनी तंतोतंत पाळली तर त्या इमारतीत महिन्याला किती युनिट वाचतील, असे विचारले तर उत्तर बहुधा मिळत नाही. एकूण वीज कशावर खर्च होते हे कोणी मोजलेलेच नसते.

'शाश्वत विकास', 'हरित कार्यालय' हे शब्द अलीकडे फार ऐकू येतात. कामाची जागा शाश्वत करायची म्हणजे तिथले काम चालू ठेवून वीज, पाणी आणि कच्चा माल कमीत कमी वापरायचा. यासाठी कळकळ लागतेच, पण आधी मोजमाप लागते. आमच्या संशोधन संस्थेत उन्हाळ्यात दोन महिने इंटर्नशिपसाठी आलेल्या एका विद्यार्थिनीच्या कामामुळे ही गोष्ट आमच्यापुढे नीट मांडली गेली. ते काम शाळा-महाविद्यालयांतही करण्याजोगे आहे, म्हणून इथे सविस्तर देत आहे.

एक साधा प्रश्न

इंटर्नशिप हा शब्द नवा असला तरी कल्पना जुनी आहे. सुताराकडे, सोनाराकडे, छापखान्यात पोरे उमेदवारी करत. कारखान्यांतल्या शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ साली कायदा झाला आणि त्यांना विद्यावेतन मिळू लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमातही इंटर्नशिपला श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यामुळे संस्थांकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढली आहे आणि 'यांना काम काय द्यायचे?' हा प्रश्नही वाढला आहे.

ही मुलगी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. ५ जूनला जागतिक पर्यावरण दिन येत होता, म्हणून वीजबचतीची घोषवाक्ये आणि स्टिकर तयार करण्याचे काम तिच्याकडे आले. दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली.

"मॅडम, स्टिकर कुठे कुठे लावायचे?"

"जिथे वीज वाया जाते तिथे," मी म्हणाले.

"ते कसं कळणार?"

प्रश्न बिनतोड होता. तिला स्टिकर थोडे बाजूला ठेवायला सांगितले आणि पुढचे सात आठवडे तिने या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला.

मीटरशी ओळख

पहिले साधन प्रत्येक घरात असते : विजेचा मीटर. जुन्या मीटरमध्ये अॅल्युमिनियमची चकती फिरत असे. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा एक लहानसा लाल दिवा असतो. मीटरच्या पाटीवर 'इम्प/केडब्ल्यूएच' या अर्थाच्या रोमन अक्षरांजवळ एक आकडा छापलेला असतो, उदा. ३२००. याचा अर्थ असा की एक युनिट वीज खर्च होते तेव्हा तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. (हा आकडा मीटरनुसार वेगळा असतो, आपल्या मीटरवरचा पाहून घ्यावा.)

एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३६,००,००० जूल. त्याला ३२०० ने भागले की ११२५ येतात. म्हणजे दिव्याच्या एका लुकलुकीमागे ११२५ जूल ऊर्जा खर्च झाली. दोन लुकलुकींमधला वेळ सेकंदांत मोजा आणि ११२५ ला त्याने भागा. त्या क्षणी घरात किती वॅट शक्ती वापरली जात आहे ते कळेल.

समजा, दहा लुकलुकींना १५ सेकंद लागले. (पहिली लुकलुक 'शून्य' म्हणून मोजायची, 'एक' म्हणून नव्हे, मुले इथे हमखास चुकतात.) एका लुकलुकीला १.५ सेकंद, म्हणून शक्ती ७५० वॅट. आता ७५ वॅटचा एक पंखा लावा. शक्ती ८२५ वॅट होईल आणि दहा लुकलुकींना सुमारे १३.६ सेकंद लागतील. फरक घड्याळावर सहज दिसतो.

पंख्याऐवजी ९ वॅटचा एलईडी दिवा लावला तर? १५ सेकंदांचे १४.८ सेकंद होतील. स्टॉपवॉच दाबताना हाताची चूकच ०.२ सेकंदांची असते, त्यामुळे हा फरक तिच्यात बुडून जाईल. मग दहाऐवजी शंभर लुकलुकी मोजाव्या लागतील. म्हणजे १५० सेकंदांच्या जागी १४८.२ सेकंद मिळतील आणि दिव्याची वीज 'दिसेल'. मापनातील त्रुटी आणि ती कमी करण्याचा उपाय हा धडा फळ्यापेक्षा मीटरसमोर लवकर समजतो. मात्र प्रयोग चालू असताना फ्रिज, पंप यांसारखी आपोआप चालू-बंद होणारी साधने बंद असावीत. मीटरला किंवा तारांना हात लावण्याची गरज अजिबात नाही. लांबून पाहणे पुरेसे आहे.

रात्री कोण वीज वापरते?

आमच्या संस्थेत प्रत्येक मजल्याच्या पॅनेलवर वेगळा मीटर आहे. विद्यार्थिनीने वायरमनकाकांशी दोस्ती केली. कोणता मीटर कोणत्या मजल्याचा हे कागदावर कुठेच नीट लिहिलेले नव्हते. ते त्यांनाच माहीत होते. मग तिने रात्रपाळीच्या रखवालदारांना विनंती केली, की त्यांच्या गस्तीच्या वहीत रात्री दहा आणि सकाळी सहा वाजता मीटरचे आकडे लिहून ठेवावेत. त्यांनी ते आनंदाने केले.

आठवड्याच्या नोंदी जमल्यावर जे दिसले ते आम्हांला अनपेक्षित होते. रात्री इमारत रिकामी असताना ताशी वापर दिवसाच्या निम्म्याहून अधिक होता. रविवारचे चित्रही फारसे वेगळे नव्हते.

याचा अर्थ नीट समजून घेऊ या. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तासांप्रमाणे सहा दिवस काम धरले तर माणसे इमारतीत ४८ तास असतात आणि १२० तास नसतात. माणसे नसताना ताशी वापर बरोबर निम्मा धरला, तरी १२० तासांचा निम्मा वापर म्हणजे कामाच्या ६० तासांइतका वापर झाला. एकूण ४८ अधिक ६० म्हणजे १०८ भाग. त्यांतले ६० भाग, म्हणजे ५५ टक्क्यांहून अधिक वीज, इमारतीत कोणी नसताना खर्च होते!

आता 'बाहेर जाताना दिवे बंद करा' या सूचनेकडे पुन्हा पाहा. दिवे तर रात्री बंदच होते. चालू होती ती अशी यंत्रे, जी कोणीच कधी बंद करत नाही.

गार केलेली हवा फेकून देणे

रसायनशास्त्राच्या मजल्यावर 'फ्यूम हूड' असतात. काचेची सरकती झडप असलेले हे मोठे कपाट. विषारी वाफांचे काम त्यात करायचे आणि पंख्याने त्या वाफा छतावरून बाहेर टाकायच्या. काम करणाऱ्याच्या आरोग्यासाठी ते अत्यावश्यक आहे. परंतु ते वाफांबरोबर खोलीतली गार हवाही बाहेर टाकते, आणि तिच्या जागी बाहेरची उष्ण हवा आत येते. ती पुन्हा गार करावी लागते.

किती हवा? झडपेची उघडी जागा १.२ मीटर रुंद आणि ०.५ मीटर उंच धरू. क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर. हवा आत शिरण्याचा वेग सेकंदाला ०.५ मीटर ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे सेकंदाला ०.३ घनमीटर, तासाला १०८० घनमीटर. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच अशा वर्गखोलीत १०८ घनमीटर हवा मावते. म्हणजे एक फ्यूम हूड तासाला दहा वर्गखोल्यांची गार हवा आकाशात सोडून देते.

ही हवा गार करायला किती ऊर्जा लागते? ०.३ घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे ०.३६ किलोग्रॅम. एक किलोग्रॅम हवेचे तापमान एक अंशाने उतरवायला सुमारे १ किलोजूल उष्णता काढावी लागते. बाहेर ३५ आणि आत २५ अंश सेल्सिअस असेल, तर सेकंदाला ३.६ किलोजूल, म्हणजे ३.६ किलोवॅट उष्णता काढायची. एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता बाहेर काढणारे वातानुकूलन यंत्र असेल तर त्यासाठी १.२ किलोवॅट वीज लागेल. चोवीस तासांत सुमारे २९ युनिट. २० वॅटच्या १८० एलईडी नळ्या आठ तास चालवल्या तर साधारण एवढीच वीज लागते!

हे झाले कोरड्या हवेचे. कोकणात, मुंबईत, गोव्यात हवा दमट असते. दमट दिवशी बाहेरच्या एक किलोग्रॅम हवेत २० ग्रॅम बाष्प आणि आतल्या हवेत १० ग्रॅम असू शकते. मधले १० ग्रॅम पाणी यंत्राला थिजवून बाहेर काढावे लागते. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी ते हेच. आपल्या उदाहरणात ते सेकंदाला ३.६ ग्रॅम, म्हणजे तासाला सुमारे १३ लिटर होते. बाष्पाचे पाणी होताना ग्रॅममागे सुमारे २.४ किलोजूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे आणखी साडेआठ किलोवॅटहून अधिक उष्णता काढायची. हवा गार करण्यापेक्षा कोरडी करण्याचाच खर्च दुपटीहून जास्त! अप्रकट उष्मा आपण नववी-दहावीत बर्फाच्या उदाहरणाने शिकवतो. तो विजेच्या बिलात असा बसलेला असतो.

मग झडप खाली ओढली की वीज वाचेल, असे वाटते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात २००५ च्या सुमारास 'झडप बंद करा' अशा अर्थाची मोहीम सुरू झाली आणि ती गाजली. आमच्या विद्यार्थिनीने तसे स्टिकर लावण्यापूर्वी आणखी एक मोजमाप केले. वायरमनकाकांच्या मदतीने तिने पंख्याच्या तारेवर टाँग टेस्टर लावला आणि झडप वर-खाली करून विद्युतप्रवाह बदलतो का ते पाहिले. काही हूडमध्ये तो लक्षणीय उतरला. काहींमध्ये काडीचाही बदल झाला नाही.

कारण असे. काही हूडमध्ये झडपेची उंची ओळखून पंख्याचा वेग कमी करणारी यंत्रणा असते. जुन्या हूडमध्ये पंखा एकाच वेगाने फिरतो. झडप खाली केली की हवा वरच्या फटीतून आत येते, पण तितकीच येते. अशा हूडवर 'झडप खाली, वीजबचत' असे लिहिणे खोटे ठरले असते. झडप खाली ठेवणे तिथेही योग्यच, पण ते सुरक्षिततेसाठी.

पंख्याचा वेग कमी करण्याचा लाभ मोठा असतो. वेग कमी केला की हवा त्याच प्रमाणात कमी होते, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग ८० टक्क्यांवर आणला तर ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१; म्हणजे शक्ती जवळजवळ निम्मी.

आणखी थंड, आणखी महाग

दुसरे मोठे गिऱ्हाईक जीवशास्त्राच्या मजल्यावर निघाले : उणे ८० अंशांची शीतकपाटे. पेशी, रक्तद्रव, डीएनए यांचे नमुने त्यांत ठेवतात. जुन्या धाटणीचे असे एक कपाट दिवसाला २० युनिटच्या आसपास वीज घेते. महिन्याला दीडशे युनिट वापरणारी चार कुटुंबे एका कपाटात राहतात म्हणा ना!

इथे मोजण्याची पद्धत बदलावी लागली. कपाटाचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, त्यामुळे एका क्षणाचे वॅट फसवे असतात. पूर्ण चोवीस तासांचे युनिट मोजावे लागतात, तेही दार किती वेळा उघडले याच्या नोंदीसह.

तापमान उणे ८० ऐवजी उणे ७० ठेवले तर काय होईल? बारावीच्या मुलांना हे गणित जमते. थंड जागेतून उष्णता उपसून उष्ण खोलीत टाकायला आदर्श यंत्रालाही किमान कार्य करावे लागते. उष्णतेच्या प्रत्येक जूलमागे ते कार्य म्हणजे तापमानांतला फरक भागिले थंड जागेचे केल्विनमधील तापमान. खोली २५ अंशांना, म्हणजे २९८ केल्विनला आहे. उणे ८० अंश म्हणजे १९३ केल्विन; १०५ भागिले १९३ बरोबर ०.५४. उणे ७० अंश म्हणजे २०३ केल्विन. ९५ भागिले २०३ बरोबर ०.४७. शिवाय कपाटाच्या भिंतींतून आत झिरपणारी उष्णताही तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात असते. तीही १०५ वरून ९५ वर येते. दोन्ही परिणामांचा गुणाकार केला तर वीज सुमारे २२ टक्क्यांनी कमी व्हायला हवी. प्रत्यक्ष मोजमापांतही बचत साधारण याच पट्ट्यात दिसते, काही यंत्रांत ती ३० टक्क्यांपर्यंत जाते.

मात्र प्रत्येक नमुन्याला उणे ७० चालेल असे गृहीत धरता येत नाही. कित्येक नमुने त्या तापमानाला सुरक्षित राहतात. निर्णय मात्र तो नमुना ज्याचा आहे त्यानेच पुराव्यावरून घ्यायचा असतो.

बिल कोणाचे?

सातव्या आठवड्यात तिने आमच्यापुढे अहवाल मांडला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी रोखठोक विचारले, "अगं, पंधरा वर्षांचे नमुने आहेत त्यात. दहा अंश वाढवले आणि ते खराब झाले, तर जबाबदार कोण?"

ती म्हणाली, "सर, त्यात काय काय आहे याची यादी मिळाली तर तेवढं तरी ठरवता येईल ना?"

सहकाऱ्यांची शंका रास्त होती, आणि तिचे म्हणणेही. यादी पूर्ण नव्हती. शोध घेतल्यावर पदवी घेऊन केव्हाच निघून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या, नाव पुसलेल्या डब्या सापडल्या. त्या निकाली काढल्यावर दोन कपाटांतला माल एकात मावला आणि एक कपाट बंद करता आले. तापमानाचा वाद मिटला नाही. काही गटांनी उणे ७० स्वीकारले, काहींनी नाही. एक कपाट पूर्ण बंद करण्याने जे साधले ते मात्र कोणत्याही आकड्याच्या फेरफारापेक्षा मोठे होते.

या साऱ्यामागे व्यवस्थेचे एक कारण आहे. यंत्र संशोधक निवडतो, ते प्रकल्पाच्या पैशातून येते आणि विजेचे बिल संस्थेचा लेखाविभाग भरतो. वापरणाऱ्याला बिल दिसत नाही. बिल भरणाऱ्याला वापर दिसत नाही. भाड्याच्या घरात स्वस्त पण जास्त वीज खाणारा गीझर घरमालक बसवतो आणि बिल भाडेकरू भरतो, तसेच हे आहे. स्वभावाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. माहिती योग्य माणसापर्यंत पोचवावी लागते.

विजेखेरीज अन्य गोष्टींनाही हेच लागू पडते. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली 'नेचर'मध्ये आपल्याच विभागाचा हिशेब दिला : जीवविज्ञानाच्या सुमारे २८० संशोधकांनी २०१४ या एका वर्षात सुमारे २६७ टन प्लॅस्टिक कचरा केला. माणशी जवळजवळ एक टन! मोजेपर्यंत तो कोणाला जाणवला नव्हता.

दोन महिन्यांनंतर

स्टिकर शेवटी लागले, पण मोजकेच आणि प्रत्येक जागी वेगळे. वेग बदलणाऱ्या हूडवर 'झडप खाली : वीज कमी'. एकाच वेगाच्या हूडवर 'झडप खाली : आपण सुरक्षित'. शीतकपाटांवर यादी कोणाकडे आहे त्याचे नाव. रखवालदारांच्या वहीतला मीटरचा रकाना ती गेल्यावरही चालू राहिला, कारण तो आता नेहमीच्या कामाचा भाग झाला आहे. पंख्यांना वेगनियंत्रक बसवण्याची शिफारस मात्र अजून मंजुरीच्या फायलीत आहे. उमेदवाराच्या हाती मोजणे असते. खर्चाची सही दुसऱ्याच्या हाती असते. त्यामुळे अहवाल घेणाऱ्याने त्याला लेखी उत्तर दिले पाहिजे, मग ते 'नाही' असले तरी चालेल. उत्तराविना पडून राहिलेला अहवाल नव्या माणसाला एवढेच शिकवतो, की इथे विचारून उपयोग नाही.

उमेदवाराला काम देताना तीन गोष्टी पुरेशा आहेत : आकड्यांत उत्तर देता येईल असा खरा प्रश्न, मोजण्याची परवानगी आणि आठवड्यातून तासभर वेळ देणारा मार्गदर्शक. जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च भागेल एवढे विद्यावेतन मिळाले तर गरीब घरची मुलेही अशा कामाला येऊ शकतील.

शाळेत काय करता येईल?

आठवी-नववीच्या मुलांचे गट करून पुढील कामे देता येतील.

१. शाळेच्या मीटरचे आकडे महिनाभर शाळा सुटताना आणि दुसऱ्या दिवशी भरताना लिहा. रात्रीचा वापर शून्य आहे का? नसेल तर काय चालू राहते?

२. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. शाळेतील पंखे आणि त्यांचे तास मोजून वर्षाचा फरक काढा. एका युनिटमागे आपल्या देशात सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तोही हिशेब मांडा.

३. पाण्याची टाकी भरून वाहत असताना एक अश्वशक्तीचा, म्हणजे ७४६ वॅटचा पंप २० मिनिटे चालला तर किती वीज गेली? (उत्तर : सुमारे पाव युनिट, आणि वर वाहून गेलेले पाणी.)

४. सर्वात जास्त वीज घेणाऱ्या तीन गोष्टींची यादी करा. मोजण्यापूर्वी अंदाज लिहून ठेवा आणि मग ताडून पाहा.

यादी तयार झाली की मुलांकडून एका पानाचा अहवाल लिहून घ्या आणि तो मुख्याध्यापकांना किंवा शाळा व्यवस्थापन समितीला द्या. त्यांचे उत्तर वर्गात वाचून दाखवा. घोषवाक्यांची स्पर्धा त्यानंतर घेतली तर ती वाक्ये नेमकी कुठे लावायची हे मुलांना आधीच ठाऊक असेल.